इंदुरात पहिला रीफ टँक लावताय? मासे सगळ्यात शेवटी आणा

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी मला फोटो पाठवतं. नवा कोरा टँक, निळा लाइट, आत दोन निमो, आणि खाली मेसेज, "ताई, आता पाणी कसं बनवायचं ते सांगा ना." अहो, मासे घरात आले आणि पाण्याचा प्रश्न आत्ता पडला? पण त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, दुकानात टँक मिळतो, मासा मिळतो, पाण्याबद्दल कोणी बसून सांगत नाही. मुंबईवाल्यांचे व्हिडिओ बघून करायला जावं तर त्यांची हवा वेगळी, पाणी वेगळं, आणि मासा त्यांच्याकडे तासाभरात घरी पोचतो. मुंबई आपल्याहून जवळपास सहाशे किलोमीटर. म्हणून हे सगळं इंदूरच्या हिशोबानं लिहितेय. इथे रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, टिकतो तो पाण्यावर आणि विजेवर, मासे-कोरल हा शेवटचा खर्च, तर पैसा आणि डोकं दोन्ही त्याच क्रमानं लावा.

काय काय लागेल

आधी यादी देते, मग एकेक समजावून सांगते.

- टँक ३ फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे साधारण १८० लिटर, खाली सम्प (टँकखालची दुसरी टाकी, जिच्यात स्किमर-पंप बसतात) आणि मजबूत स्टँड
- आरओ-डीआय युनिट (पाण्यातलं विरघळलेलं सगळं काढून टाकणारं) आणि टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा)
- रीफ सॉल्ट, ६०-१०० लिटरचा फूड ग्रेड ड्रम, त्यात टाकायला एक छोटा पंप आणि हीटर
- रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारेपणा मोजणारं यंत्र) आणि त्याचं ३५ पीपीटीचं, म्हणजे हजारात ३५ भाग मीठ असलेलं, कॅलिब्रेशन सोल्यूशन
- रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर टँकमध्ये चढवणारा), दोन वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारे पंप), प्रोटीन स्किमर (हवेच्या फेसात घाण पकडून बाहेर काढणारा)
- ॲरागोनाइट वाळू (कॅल्शियम कार्बोनेटची), ड्राय रॉक (कोरडा सच्छिद्र दगड)
- रीफचा एलईडी लाइट, टायमरसकट
- क्लिप फॅन, हीटर, टेम्परेचर कंट्रोलर, जमलं तर चिलर
- ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र)
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, फॉस्फेट, कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचे (कार्बोनेटच्या प्रमाणाचे) टेस्ट किट, खाऱ्या पाण्याचेच
- बॅटरीवर चालणारा एअर पंप
- क्वारंटाइनसाठी दोन फुटी साधा टँक
- हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा, कशासाठी ते पुढे येईल

छोट्या नॅनो टँकनं सुरुवात करू असं सगळ्यांना वाटतं कारण स्वस्त पडतो. ४० लिटर पाणी दुपारी दोन तासात तापतं आणि एका दिवसात जास्तच खारं होतं, १८० लिटर तुम्हाला सावरायला वेळ देतं. नवशिक्यानं मोठाच घ्यावा.

१. जागा आणि वजन

१८० लिटर पाणी म्हणजे १८० किलोच्या वर, त्यात काच, दगड, वाळू, सम्प धरा की सहज तीनशेच्या आसपास जातं. रामबाग, नारायणबाग, जुन्या इंदुरात अजून लाकडी पाट्यांच्या माडीची घरं आहेत, तिथे वरच्या मजल्यावर हा टँक नकोच, तळमजल्यावर ठेवा. फ्लॅटमध्ये स्लॅब असेल तर भिंतीला लागून ठेवा, खोलीच्या मध्यात नाही. ऊन थेट पडेल अशी खिडकी टाळा, आणि पश्चिमेची भिंत तर नकोच, एप्रिल-मेमध्ये ती भिंत रात्री दहालासुद्धा गरम असते.

प्लग पॉइंट टँकच्या बाजूला हवा, मागे-खाली नको. प्रत्येक वायर आधी खाली लोंबून मग वर प्लगकडे गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतं. आणि इलेक्ट्रिशियनला सांगून त्या लाइनवर आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच) लावून घ्या, पुढच्या आठवड्यात वगैरे नाही, टँक भरायच्या आधी. खारं पाणी वीज फार छान वाहून नेतं.

२. पाणी

इथे थोडं थांबून वाचा.

आपल्याकडे नळाला जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी, ते आलं नाही की बोअर, आणि मेमध्ये टँकर. तिन्ही वेगळी. नळाच्या पाण्यात क्लोरीन, बोअरच्या पाण्यात खडेच्या खडे क्षार, टँकरचं तर विचारूच नका कुठून भरलंय. यातलं कुठलंच थेट चालत नाही. रीफला लागतं शून्य टीडीएसचं पाणी आणि त्यात तुम्ही घातलेलं मोजकं मीठ, बस.

"घरात आरओ आहे की" असं सगळेच म्हणतात. स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्याचा टीडीएस मीटर लावून बघा. पिण्याच्या मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते, त्यामुळे तीस, पन्नास, ऐंशी असं काहीही येतं. ते माणसाला उत्तम, टँकला नाही, कारण त्या उरलेल्यात फॉस्फेट आणि सिलिकेट असतं आणि दोन्ही शेवाळाचं खाद्य. त्याच मशीनच्या पुढे डीआय रेझिनचा एक डबा जोडता येतो, आपला नेहमीचा आरओवाला जोडून देईल, फक्त त्याला सांगा मिक्सिंगचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद कर. रेझिननंतर मीटर शून्य दाखवतोय तोपर्यंत ठीक, दोन-तीन दाखवायला लागला की रेझिन बदला. वरच्या टाकीचं प्रेशर कमी असतं म्हणून बूस्टर पंप हवाच.

आरओ एक लिटर चांगलं पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. ते मोरीत सोडू नका, फरशी पुसायला, संडासात, गाडी धुवायला वापरा. एक दिवसाआड नळ येणाऱ्या गावात घरची माणसं बोलणारच, आणि त्यांचं बरोबरही आहे.

आता मीठ. एक तरी नातेवाईक विचारणार की घरातलं मीठ का नाही चालत. ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड असतं, रीफला त्याबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट आणि कितीतरी बारीकसारीक गोष्टी ठरलेल्या प्रमाणात लागतात. रेड सी, ट्रॉपिक मरीन, इन्स्टंट ओशन, यातलं कुठलंही घ्या आणि मग बदलत बसू नका. पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली की मीठ ओल धरून दगड होतं, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

२० लिटर पाण्याला साधारण ७५० ग्रॅम मीठ लागतं, पण आकडा ब्रँडवर बदलतो, त्यामुळे वजनावर न थांबता मोजूनच बघा. आधी पाणी, मग त्यात मीठ हळूहळू, पंप चालू ठेवून. उलटं केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर कॅल्शियम पांढरा गाळ होऊन तळाशी बसतं आणि ते परत विरघळत नाही. रात्रभर फिरू द्या, तापमान २५-२६ वर आणा, मग रिफ्रॅक्टोमीटर. ३५ पीपीटी किंवा घनतेच्या पट्टीवर १.०२५-१.०२६ पाहिजे. हे यंत्र नुसत्या साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ च्या सोल्यूशननंच सेट करा, नाहीतर शून्य बरोबर दाखवून वर दोन-तीन पीपीटीनं खुशाल खोटं बोलतं.

३. इंदूरचा उन्हाळा, आणि खरं संकट जून

टँक २५ ते २७ डिग्रीत हवा. २९-३० च्या वर बराच वेळ राहिला की कोरल आपल्या पेशींमधलं शेवाळ, ज्याच्यावर ते जगतं, बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं.

ऐकायला उलटं वाटेल, पण मेमध्ये बेचाळीस डिग्रीत टँक थंड ठेवणं त्या मानानं सोपं आहे. हवा कोरडी असते, पाण्याच्या पृष्ठभागावर एक क्लिप फॅन तिरका लावला की बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी तीन-चार डिग्री खाली येतं, आपल्या कूलरचंच तत्त्व. अडचण होते जूनच्या शेवटापासून. पाऊस सुरू झाला, खोलीत तीस-एकतीस डिग्री आणि हवेत इतका दमटपणा की पाणी उडतच नाही, फॅन नुसता फिरतो. त्यामुळे चिलर घ्यायचा की नाही हे मेच्या अनुभवावर ठरवू नका, पावसाळ्यातल्या खोलीच्या तापमानावर ठरवा. खोलीत एसी रोज चालणार असेल तर चिलर वाचतो. आणखी एक, ज्या खोलीत टँक आहे त्याच बंद खोलीत कूलर लावला तर त्याच्या ओलाव्यानं टँकच्या फॅनचा असर जातो, खिडकी उघडी ठेवा.

चिलर घेतलाच तर कपाटात कोंबू नका, तो गरम हवा बाहेर टाकतो आणि कपाटात तीच परत ओढतो.

फॅनमुळे पाणी उडतं, रोज चार-पाच लिटरसुद्धा. उडतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी नेहमी साध्या आरओ-डीआय पाण्यानं भरायचं, खाऱ्या पाण्यानं कधीच नाही. नवे लोक इथे हमखास चुकतात, पातळी कमी दिसली की तयार मिठाचं पाणी ओततात आणि आठवड्या-पंधरवड्यात ३५ चं ४० होतं. ऑटो टॉप-ऑफ हे काम स्वतःच करतो, आणि उन्हाळ्यात एक दिवस बाहेर गेलात तरी त्याच्याशिवाय चालत नाही. झाकण काचेचं नको, त्यानं उष्णता कोंडते. पण उघडाही ठेवू नका, गोबी आणि फायरफिश उड्या मारतात, सकाळी फरशीवर सापडतात. बारीक जाळीची फ्रेम करून घ्या.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा आठ-दहावर येतो तेव्हा हीटर लागतो, तो कंट्रोलरवरच लावा. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट अडकला तर टँक शिजतो.

४. लाइट गेली तर

लाइट गेल्यावर सगळ्यात आधी संपतो तो ऑक्सिजन, तापमान नंतर. उन्हाळ्यात गरम पाण्यात तो मुळातच कमी मावतो. म्हणून बॅटरीचा एअर पंप, जो लाइट गेली की आपोआप सुरू होतो, तो पहिल्या दिवसापासून लावून ठेवा. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर आणि रिटर्न पंप द्या, हीटर-चिलर नको, बॅटरी अर्ध्या तासात झोपेल. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असावा, स्वस्त स्क्वेअर वेव्हवर पंप घूंघूं करतात आणि तापतात.

आणि टँक भरल्या दिवशीच एक चाचणी: रिटर्न पंपचा प्लग काढा आणि बघत उभे रहा. वरचं पाणी पाइपातून उलटं सम्पमध्ये उतरतं. सम्प काठोकाठ होऊन बाहेर सांडत असेल तर सम्पमधली रोजची पातळी कमी करा, किंवा रिटर्न पाइपाला पाण्याच्या रेषेच्या जरा खाली छोटं भोक पाडा. हे दिवसा, पोछा हातात घेऊन करा. रात्री दोन वाजता लाइट गेल्यावर कळण्यापेक्षा बरं.

५. वाळू आणि रॉक

नर्मदेची किंवा बांधकामाची वाळू नको, ती सिलिकाची. ॲरागोनाइट घ्या, इंचभर जाडीचा थर पुरे. रॉक १५-२० किलो ड्राय रॉक, सच्छिद्र, कृत्रिम बनवलेला किंवा सिरॅमिकचा. पाणी भरायच्या आधी रॉक थेट काचेच्या तळावर टेकवून रचा आणि मग वाळू टाका, कारण वाळू उकरणारे मासे खालून पोखरून अख्खा डोंगर पाडतात. मागच्या काचेपासून हात जाईल एवढं अंतर सोडा.

"समुद्रातून आणलेला ओरिजिनल लाइव्ह रॉक" म्हणून कोणी मेलेल्या कोरलचे पांढरे तुकडे विकत असेल तर हात लावू नका. कारण ७ व्या पायरीत.

६. सायकल, म्हणजे रिकामा टँक बघत बसायचे आठवडे

टँक भरला, पंप सुरू, पाणी चकाचक. मासा नाही टाकायचा. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, तो जिवाणू नायट्राइटमध्ये आणि मग दुसरे जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात, आणि ही फौज रॉकवर वसायला साधारण चार ते सहा आठवडे घेते. बाटलीतले जिवाणू घातले तर लवकरही होतं.

पद्धत सोपी. बाटलीतला अमोनिया घालून टेस्टमध्ये २ पीपीएम (दहा लाखात दोन भाग) आणा, जिवाणू घाला, रीफचा लाइट बंद ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी मोजा. एकदा २ पीपीएम घातलेला अमोनिया २४ तासात शून्य झाला की सायकल झाली. काही जण अमोनियाऐवजी कोळंबीचा तुकडा सडवत ठेवतात, चालतं, पण घरात आजी असेल तर त्या वासाचं उत्तर तुम्ही द्यायचं. फ्रोझन मायसिस, म्हणजे माशांना घालायचे गोठवलेले कोळंबीसारखे बारीक जीव, फ्रीजरमध्ये ठेवायची परवानगीही आत्ताच मागून घ्या, वेगळा झाकणाचा डबा, वर मोठ्या अक्षरात नाव.

नायट्राइट जास्त दिसला म्हणून घाबरू नका, खाऱ्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्यामुळे तो माशांना गोड्या पाण्याइतका बाधत नाही. पण नायट्राइट असताना नायट्रेटची टेस्ट फुगवून आकडा दाखवते, म्हणून तो आकडा तेव्हा धरू नका. शेवटी एकदा बरंचसं पाणी बदला.

दुकानदार म्हणेल डॅमसेल टाकून सायकल करा, तो काटक मासा आहे. काटक आहे हे खरं, आणि नंतर तोच टँकचा गुंड होऊन नव्या प्रत्येक माशाला मारतो, आणि रॉकमधून त्याला बाहेर काढणं म्हणजे सगळे रॉक उचलणं.

सायकलनंतर लाइट सुरू केला की वाळूवर तपकिरी थर येईल. डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. येऊ द्या, काही आठवड्यात जातो. मग हिरवं केसाळ शेवाळ, मग कदाचित लाल चिकट थर. दर वेळी एक नवी बाटली आणून ओतायची नाही. खाद्य कमी, हातानं उपटून काढणं, प्रवाह वाढवणं, आणि दोन-चार टर्बो किंवा ट्रोकस गोगलगायी.

७. काय घ्यायचं आणि काय घेणं बेकायदा आहे

हे दुकानात कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रीफ बांधणारे सगळे कठीण कोरल पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. काळे कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या, हे सगळे संरक्षित यादीतले. कच्छचं आखात, मन्नारचं आखात, लक्षद्वीप, अंदमान, कुठूनही आणलेलं असो, जिवंत असो की मेलेलं पांढरं, आणि विकणारा कितीही म्हणो "सब चलता है भिया". त्याशिवाय साइट्स (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या यादीतल्या परदेशी जिवंत प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, आणि जगातले सगळे कठीण कोरल आणि महाशिंपले त्या यादीत येतात.

मग उरतं काय? भरपूर. मऊ, म्हणजे दगडी सांगाडा न बांधणारे कोरल: झोअँथिड, मशरूम, लेदर कोरल, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप. नवशिक्यानं तसेही हेच ठेवायला हवेत, यांना प्रकाश मध्यम चालतो, कॅल्शियम ते फार खात नाहीत, चूक माफ करतात. झेनिया आणि स्टार पॉलिप मात्र मुख्य रॉकवर लावू नका, वेगळ्या दगडावर ठेवा, सहा महिन्यात अख्खा टँक व्यापतात.

मासे: पहिली जोडी क्लाउनफिश, म्हणजे निमो, आणि तीही हॅचरीतली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं, म्हणजे सीएमएफआरआयनं, क्लाउनफिशचं प्रजनन केव्हाच जमवलंय, त्यामुळे देशात वाढवलेले मिळतात, ते पेलेट खातात आणि प्रवासात कमी मरतात. दोन लहान घ्या, एक जरा मोठा एक छोटा. सगळे क्लाउन जन्मतः नर असतात, दोघातला वरचढ मादी होतो, जोडी आपोआप जमते. त्यांना ॲनिमोन (समुद्रफूल) लागतंच असं नाही, पहिल्या वर्षी तर आणूच नका, ते फिरत फिरत वेव्हमेकरमध्ये जातं आणि एका रात्रीत सगळा टँक खराब करतं. पुढे एखादी गोबी, एक फायरफिश, एक क्लीनर श्रिम्प. १८० लिटरला चार-पाच छोटे मासे म्हणजे भरला.

पोरं हट्ट करतील डोरीसाठी. ब्लू टँग फूटभर वाढतो, त्याला सहा फुटी टँक लागतो, नाही म्हणजे नाही. मँडरिन दिसायला जगात भारी पण तो फक्त जिवंत बारीक कोपेपॉड खातो, नव्या टँकमध्ये हळूहळू उपाशी मरतो. बरेचसे बटरफ्लायफिश कोरलच खातात.

जवळ ठेवायचे कागद:

- प्रत्येक खरेदीचं बिल, त्यावर जातीचं नाव लिहून घेतलेलं, नुसतं "मरीन फिश" नाही
- हॅचरीतला असेल तर तसं बिलावर
- यादीतला परदेशी प्राणी असेल तर आयातीचे कागद आणि परिवेशवरच्या नोंदणीची प्रत

कागद मागितल्यावर विकणारा हसला तर तिथून निघा.

८. प्रवास करून आलेला मासा

आपल्याकडे मासा येतो मुंबई किंवा चेन्नईहून, विमानाच्या कार्गोनं किंवा रात्रीच्या बसनं. बारा-पंधरा तास पिशवीत. पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण माशाच्या श्वासाच्या कार्बन डायऑक्साइडनं पीएच खाली गेलेला असतो म्हणून तो अमोनिया फार विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विष होतो. त्यामुळे तासदोन तास ठिबक पद्धतीनं पाणी मिसळत बसणं लांबून आलेल्या माशाला घातक. त्यापेक्षा आदल्या दिवशी विकणाऱ्याला विचारा तुमच्या टाकीची सॅलिनिटी (खारेपणा) किती, बरेच जण १.०२० च्या आसपास ठेवतात, आणि क्वारंटाइन टँक तेवढ्यावरच तयार ठेवा. बंद पिशवी वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवा, उघडा, मासा उचलून टाका, पिशवीचं पाणी फेका. सॅलिनिटी मग चार-पाच दिवसात हळूहळू वर न्या. गुरुवार-शुक्रवारी मागवू नका, कार्गो अडकला तर रविवार मध्ये येतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तर मागवूच नका.

क्वारंटाइन चार आठवडे. नुसता काचेचा टँक, स्पंज फिल्टर जो आधी महिनाभर सम्पमध्ये ठेवून मुरवलाय, लपायला पीव्हीसी पाइपाचे तुकडे. पांढरे ठिपके आले तर कॉपरचं औषध याच टँकमध्ये, मोजून, मुख्य टँकमध्ये कॉपरचा एक थेंबही नाही कारण कोळंबी, गोगलगाय, कोरल सगळं जातं. रोग मुख्य टँकमध्ये घुसला तर सगळे मासे बाहेर काढून तो ७६ दिवस माशांविना ठेवावा लागतो. क्वारंटाइनचा कंटाळा करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

कोरललाही आयोडीनच्या डिपमध्ये बुडवून मगच आत घ्या, आणि दगडावर छोटं तपकिरी ॲनिमोनसारखं, एप्टेशिया, दिसलं तर तो तुकडाच नको म्हणा.

आणि हातमोजे-चष्म्याचं कारण: झोअँथिड, विशेषतः पॅलिथोआ, यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असू शकतं. कापताना चीक डोळ्यात उडतो, बोटाच्या जखमेतून जातो. झोअँथिड असलेला दगड उकळू नका, गरम पाणी ओतू नका, कोरड्या ब्रशनं घासू नका, त्याची वाफ श्वासात जाऊन घरातली माणसं आजारी पडू शकतात. पोरांना आणि कुत्र्याला लांब ठेवा.

९. लाइट आणि प्रवाह

पटकन सांगते. लाइट आठ-नऊ तास, टायमरवर, पहिला महिना कमी ताकदीवर, मग हळूहळू वर. मऊ कोरल खाली आणि मध्यात. दोन वेव्हमेकर समोरासमोर नाहीत, जरा तिरके, म्हणजे प्रवाह एकमेकांवर आपटून विस्कळीत होतो. कोरल डुलायला हवं, एका बाजूला दाबून वाकायला नको.

१०. रोजचं, आठवड्याचं

रोज: तापमान, टॉप-ऑफची बादली, सगळे मासे दिसले का. खाद्य दोन मिनिटात संपेल एवढंच.

आठवड्याला: २० लिटर पाणी बदल, काच पुसणं, स्किमरचा कप धुणं. काढलेलं खारं पाणी गटारात, कुंडीत नाही, तुळस मरेल. पहिले काही महिने आठवड्याला टेस्ट आणि वहीत आकडे. अल्कलिनिटी ८-९ डीकेएच, कॅल्शियम ४००-४५०, नायट्रेट २ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१, हे शेवटचे तिन्ही पीपीएममध्ये. नायट्रेट-फॉस्फेट शून्य करायच्या मागे लागू नका, दोन्ही शून्य झाले की डायनोफ्लॅजेलेट नावाचं शेंबडासारखं तपकिरी प्रकरण येतं आणि ते काढणं केसाळ शेवाळापेक्षा दसपट वाईट. जे मोजत नाही ते बाटलीतून ओतायचं नाही. मऊ कोरलला पाणी बदलातून मिळतं तेवढं पुरतं. एसीच्या बंद खोलीत पीएच ७.९ दिसला तर बफर, म्हणजे पीएच चढवणारी पावडर, घालू नका, खिडकी उघडा.

११. घरातले छुपे शत्रू

डासांची मशीन आणि स्प्रे. त्यातली रसायनं मासे आणि कोळंबी दोघांनाही मारतात, आणि स्किमर खोलीतली हवाच पाण्यात ओढतो, म्हणजे सरळ आत. टँकच्या खोलीत मच्छरदाणी लावा. पेस्ट कंट्रोल, रूम फ्रेशनर, फिनाइल, दिवाळीचा ऑइल पेंट, उदबत्तीचा धूर, सगळं दुसऱ्या खोलीत. पेंट करावाच लागला तर स्किमरच्या हवेची नळी खिडकीबाहेर काढा. क्रीम लावलेला हात, रंगपंचमीचा हात, भांडी घासायच्या साबणाची बादली, यातलं काही पाण्यात नको. बादल्या, मग, नळ्या टँकच्या वेगळ्या, वर नाव लिहून, नाहीतर कामवाल्या मावशी त्यातच सर्फ भिजवतात आणि त्यांना कोण बोलणार. पितळी फिटिंग किंवा पितळी नळ आरओ-डीआयच्या पुढे कुठेही नको, तांबं उतरतं.

१२. गावाला जाताना

पुण्याला लग्न, महालक्ष्म्या, दिवाळी, जाणं होतंच. निरोगी मासे तीन-चार दिवस उपाशी आरामात राहतात. त्यापेक्षा जास्त असेल तर पेलेटच्या छोट्या पुड्या बांधून, वर वार लिहून, शेजारच्या काकूंकडे द्या आणि खाद्याचा डबा लपवून ठेवा, कारण मासे काचेला तोंड लावून भूक लागल्याचं नाटक करतात आणि काकूंना दया येते. जायच्या आदल्या दिवशी पाणी बदलू नका, नवीन काही आणू नका, सेटिंग हलवू नका, तीन दिवस आधीच सगळं उरकून घ्या. टॉप-ऑफची टाकी भरून ठेवा. काकूंना तीनच गोष्टी लिहून द्या: तापमानाचा आकडा २८ च्या वर दिसला तर खोलीचा एसी लावायचा, फरशी ओली दिसली तर कुठला प्लग काढायचा, ज्यावर लाल टेप लावून ठेवलीय, आणि मासा मेलेला दिसला तर जाळीनं काढून पिशवीत बांधून ओल्या कचऱ्याच्या डब्यात. बाकी काहीही वाटलं तर आधी फोन.